रायफल मोठी की गोष्ट मोठी? शिकारकथांतल्या लोणकढी थापा आणि त्यांतलं खरं

रानमाग

मोठ्या जनावरांच्या शिकारीवरचं जुनं लिखाण वाचणारे इथे बरेच आहेत, म्हणून हा धागा काढतोय. हत्ती, गवा, आफ्रिकी रानरेडा, वाघ, सिंह यांच्यासाठी कोणती रायफल योग्य यावरून शिकारी शंभराहून जास्त वर्षं भांडत आले आहेत, आणि या भांडणात दोन्ही बाजू पुरावा म्हणून पुढे करतात त्या गोष्टीच. अमक्याने एवढ्याशा गोळीने हत्ती लोळवला. तमक्याच्या दुनळीचा बार बसला आणि रेडा चार हात मागे फेकला गेला. माझं म्हणणं असं, की यातल्या बहुतेक गोष्टींवरून रायफलीबद्दल काहीच कळत नाही. ज्यावर सगळं ठरतं तोच तपशील त्यांतून गळालेला असतो: गोळी कुठे लागली, किती खोल गेली आणि त्यानंतर जनावर किती लांब गेलं.

सगळ्यात जास्त ओढाताण झाली आहे ती वॉल्टर बेलच्या नावाची. करामोजो बेल म्हणून ओळखला जाणारा हा स्कॉटिश माणूस (१८८०-१९५४) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हस्तिदंतासाठी आफ्रिका तुडवत हिंडला. हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतले बहुतेक ७ x ५७ मिमीच्या रायफलीने. रिग्बी ही बंदुका बनवणारी इंग्रज कंपनी हीच रायफल .२७५ (इंचांतलं माप) या नावाने विकायची. इतरांच्या हिशेबी ती हरणं मारायची रायफल. इथवर सगळं खरं आहे, नोंदींत आहे. थाप सुरू होते ती पुढच्या वाक्यापासून, 'म्हणजे बोअरला, नळीच्या आतल्या मापाला, काही अर्थच नाही!'

अर्थ होता, फक्त बेलने त्याच्याऐवजी दुसरी किंमत मोजली होती. हत्तीची कवटी करवतीने उभी कापून, कोणत्या कोनातून पाहिलं की मेंदू कुठे येतो, हे त्याने पाहून ठेवलं होतं. हत्तीच्या कवटीचा वरचा बराचसा भाग पोकळ्यांच्या हाडांचा असतो. तिथे गोळी घुसली तरी मेंदूला धक्का लागेलच असं नाही. बेलची गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे सुमारे ११ ग्रॅमची. लांबट, बोथट नाकाची, पूर्ण धातूच्या आवरणाची. ती फुटत नसे, वाकत नसे, सरळ आत जाई. शिवाय तो जवळ जायचा, आणि ज्या कळपांवर तो चालून जाई त्यांतल्या बऱ्याच कळपांनी तोवर बंदुकीचा आवाज फारसा ऐकलेला नव्हता. जमत नसेल तर बार टाकायचा नाही, हा संयमही त्याच्याकडे होता. यातलं एकही कलम काढून घेतलं तर ७ मिमीने हत्ती मारणं म्हणजे हत्तीला जखमी करून सोडणं.

दुसऱ्या टोकाला एकोणिसाव्या शतकातला इंग्रज शिकारी सॅम्युअल बेकर. त्याच्याकडे अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा डागणारी एक प्रचंड रायफल होती. ती उडवली की आपण भिंगरीसारखे फिरतो, असं त्यानेच लिहून ठेवलंय. आफ्रिकेतला दुसरा इंग्रज शिकारी फ्रेडरिक सेलूस तरुणपणी ४ बोअरच्या ठासणीच्या बंदुका वापरायचा. ४ बोअर म्हणजे एका पौंड शिशात नळीच्या मापाच्या चारच गोळ्या बसतात, एकेक गोळी ११० ग्रॅमच्या वर. हत्ती पडले, पण त्या धक्क्यांनी आपल्या नसांवर कायमचा परिणाम झाला आणि पुढे नेमबाजी बिघडली, असं सेलूसने स्वतः नोंदवलं आहे. मोठ्या बोअरच्या गोष्टी सांगणारे हा भाग सहसा सांगत नाहीत.

तुमच्या वाचनातल्या गोष्टी टाका. खऱ्या वाटणाऱ्याही आणि पचायला जड जाणाऱ्याही.

---

गणिती_मन

उत्तम विषय. 'मागे फेकला गेला' याचा हिशेब लगेच मांडतो, कारण तो फार सोपा आहे.

.४५८ विंचेस्टर मॅग्नम घ्या. गोळी ५०० ग्रेन म्हणजे ३२.४ ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण ६५५ मीटर. वस्तुमान गुणिले वेग, संवेग झाला २१ च्या आसपास. हा सगळा संवेग ७०० किलोच्या रेड्यात उतरला तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला ३ सेंटिमीटर. पाच टनी हत्तीला ४ मिलिमीटर. एवढाच. आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने तेवढाच संवेग, वर जळलेल्या दारूच्या वायूचा थोडा जास्तच, उडवणाऱ्याच्या खांद्यालाही बसतो. गोळीने ७०० किलोचा रेडा मागे फेकला जात असता तर ८० किलोचा शिकारी कुठल्या कुठे जाऊन पडला असता.

मग जनावर जागच्या जागी कोसळतं ते कशाने? मेंदू किंवा पाठीचा कणा गेला की पाय एकदम सुटतात. बघणाऱ्याला ते जोरदार ठोसा बसल्यासारखं दिसतं. हृदयात गोळी बसलेलं जनावर मात्र बहुतेक वेळा पळतं, कारण मेंदूत काही सेकंद पुरेल इतका प्राणवायू उरलेला असतो. दहा-बारा सेकंद धरले तरी रेडा तेवढ्यात शंभर मीटर जातो. तो तुमच्या दिशेने निघाला तर हृदयातली गोळी 'अचूक' असूनही तुमचा जीव वाचवत नाही.

---

पाणवठा

मस्त धागा, वाचतेय. एक प्रश्न. जॉन टेलर नावाच्या शिकाऱ्याने 'नॉक-आउट' आकडा काढला होता ना? त्यात मोठ्या बोअरला बरंच झुकतं माप मिळतं. मग तोही थापच का?

---

रानमाग

@पाणवठा, थाप नाही, पण ज्या कामासाठी तो काढला त्याच्या बाहेर लोकांनी तो फार ताणला. 'पोंडोरो' टेलरने १९४८ साली मांडलेलं सूत्र असं: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत, व्यास इंचांत, तिन्हींचा गुणाकार भागिले ७०००. .३७५ होलंड अँड होलंडला सुमारे ४०, .४५८ ला ७०, आणि बेलच्या ७ मिमीला कसेबसे १६.

टेलरचा रोख अगदी नेमका होता. हत्तीच्या डोक्यात पूर्ण आवरणाची गोळी मारली आणि ती मेंदूला थोडक्यात चुकली, तर हत्ती बेशुद्ध पडेल का, आणि किती वेळ, एवढ्यापुरतं ते सूत्र. तेवढ्यापुरतं ते त्याच्या अनुभवाशी जुळत होतं. नंतर हरणापासून अस्वलापर्यंत सगळ्यांना तो आकडा लावला गेला. पसरट होणाऱ्या मऊ नाकाच्या गोळीचा व्यास आत गेल्यावर बदलतो, तिथे हे सूत्र तोकडंच पडतं. आत किती खोल जाईल याचं तर त्यात नावच नाही.

---

जुनी_दुनळी

थोडा वेगळा सूर लावतो. धागाकर्त्याशी सहमत आहे, पण 'बोअरपेक्षा नेम महत्त्वाचा' हे वाक्य फार सवंग झालंय आणि त्यानेही माणसं मेली आहेत.

जॉर्ज ग्रे यांचं उदाहरण बघा. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचे हे भाऊ, अनुभवी शिकारी. १९११ साली केनियात सिंहाच्या मागे घोडा घालून ते फार जवळ गेले. सिंह उलटला. त्यांच्या हातात .२८० रॉस होती, त्या काळातली सर्वांत वेगवान म्हणावी अशी रायफल, हलकी गोळी, प्रचंड वेग. सिंहाला गोळ्या लागल्या. नेम चुकला नव्हता. पण जवळच्या अंतरावर एवढ्या वेगाने आदळलेली हलकी गोळी स्नायूंतच फुटून विखुरली, आत पोचली नाही. सिंहाने त्यांना गाठलं आणि काही दिवसांनी त्या जखमांनी ते नैरोबीत वारले. लांबवरच्या हरणासाठी हीच रायफल उत्तम होती.

आता विचार करा. बेल म्हातारा होऊन अंथरुणावर गेला, म्हणून त्याच्या आठवणी आपल्यापर्यंत आल्या. लहान बोअर घेऊन गेलेले आणि परत न आलेले लोक आठवणी लिहायला उरले नाहीत. छोट्या रायफलीच्या बाजूने एवढे भारी किस्से दिसतात त्याचं मोठं कारण हे आहे.

आणि हौशी शिकाऱ्यांना घेऊन जाणारे व्यावसायिक शिकारी .४५८, .४७० असलं वजन का बाळगतात? त्यांना शांत उभं, कड दाखवणारं जनावर मिळत नाही. त्यांना मिळतं ते दुसऱ्याने जखमी केलेलं, दाट झुडपात दबा धरून बसलेलं, समोरून येणारं. तिथे खांद्याचं हाड फोडून पुढे जाणारी जड गोळी लागते. नेम हवाच, पण नेम धरायला वेळ किती मिळतो तेही बघा.

---

गणिती_मन

@जुनी_दुनळी, शेवटच्या वाक्याचा हिशेब देतो. सिंह थोड्या अंतरापुरता ताशी ८० किलोमीटरच्या आसपास धावतो, सेकंदाला २२ मीटर. तीस मीटरवरून निघाला तर दीड सेकंदात तुमच्याजवळ. बोल्ट रायफलीचा खटका मागे-पुढे करून पुन्हा नेम धरायला सरावलेल्यालाही सेकंदभर तरी लागतो. म्हणजे एक गोळी, फार तर दोन. तीस पावलांवरून येणाऱ्या सिंहावर पाच गोळ्या झाडल्याची गोष्ट कुणी सांगितली, तर एकतर अंतर जास्त होतं किंवा गोळ्या कमी होत्या.

दुनळीचा हट्ट धरणाऱ्यांचं म्हणणं इथे पटतं. दोन नळ्या, दोन चाप, दोन स्वतंत्र यंत्रणा. एक बार फुसका गेला तरी दुसरा त्याच क्षणी तयार.

---

पाणवठा

फुसक्या बारावरून केनियातलं त्सावो आठवलं. १८९८, युगांडा रेल्वेच्या पुलाचं काम, दोन नरभक्षक सिंह आणि पुलाचं काम पाहणारा कर्नल पॅटर्सन. मजूर हिंदुस्थानातून नेलेले होते. सिंहाला गाठायचा मोका आला तेव्हा पॅटर्सनने आपल्या .३०३ ऐवजी मुद्दाम एक जास्त ताकदीची रायफल उसनी घेतली होती. सिंह टप्प्यात आला, चाप ओढला, आणि बार उडालाच नाही. आधी कधी उडवून न पाहिलेली रायफल! पुढे ९ डिसेंबरला पहिला सिंह पडला तो त्याच्या नेहमीच्या हत्याराने.

दुसऱ्या सिंहाच्या वेळी, २९ डिसेंबरला, उलट झालं. जखमी सिंह अंगावर आला, पॅटर्सनने दुसरी बंदूक घ्यायला हात मागे केला, तर ती सांभाळणारा महिना नावाचा माणूस तोवर बंदुकीसकट झाडावर चढलेला. पॅटर्सनही झाडावर चढला आणि वाचला तो सिंहाचा एक पाय आधीच्या गोळीने मोडला होता म्हणून. अशा गोष्टी वाचताना मला नेहमी वाटतं, की मागे उभं राहून दुसरी रायफल धरणाऱ्या माणसाला, माग काढणाऱ्याला, हाकाऱ्यांना काय दिसलं ते कुठेच लिहिलेलं नाही. 'पळाला' एवढाच शेरा त्यांच्या वाट्याला येतो. सिंह समोर असताना दुसऱ्याची भरलेली बंदूक धरून उभं राहायचं आणि ती स्वतः उडवायची नाही, हे काम रायफलवाल्यापेक्षा सोपं होतं असं मला मुळीच वाटत नाही.

---

तर्कट

त्सावोचा विषय निघालाच आहे तर आकड्यांचंही बघू. पॅटर्सनने पुढे १३५ बळींचा आकडा सांगितला. रेल्वेच्या नोंदीत हिंदुस्थानी मजूर २८. स्थानिक आफ्रिकी लोकांची नीट नोंदच नाही. त्या सिंहांची कातडी आणि कवट्या १९२४ साली शिकागोच्या फील्ड म्युझियमने विकत घेतल्या. २००९ मध्ये संशोधकांनी त्यांच्या केसांतल्या आणि हाडांतल्या कार्बन व नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून खाण्याचा अंदाज काढला, तर दोघांनी मिळून साधारण ३५ माणसं खाल्ली असावीत असं निघालं. एकाने दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. आता हा खाल्लेल्यांचा आकडा आहे, मारून टाकून दिलेले त्यात येत नाहीत, म्हणून खरा आकडा वर जाऊ शकतो. पण १३५ आणि ३५ यांत केवढा फरक!

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते, की कवट्या जपून ठेवल्या होत्या म्हणून एवढ्या वर्षांनी कथा तपासता आली.

---

कस्तुरीमृग

मापांवर कुणीच बोललं नाही अजून. वाघाची लांबी दोन तऱ्हांनी घेतात. एक म्हणजे नाकाच्या टोकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकायच्या, वाघ बाजूला करायचा आणि खुंट्यांमधलं सरळ अंतर मोजायचं. दुसरी म्हणजे टेप पाठीच्या वळणांवरून फिरवायची. दुसऱ्या रीतीने त्याच वाघाची लांबी काही इंचांनी वाढते. टेप किती सैल सोडली यावर ती आणखी वाढते. अकरा-बारा फुटी वाघांच्या जुन्या गोष्टींत माप कोणत्या रीतीने घेतलं ते सांगितलेलं नसेल, तर मी तो आकडा सोडून देते.

जिम कॉर्बेटने १९३० साली मारलेला पवळगडचा प्रसिद्ध वाघ १० फूट ७ इंच होता, आणि हे माप वळणांवरून घेतलेलं आहे असं त्यानेच स्पष्ट लिहिलंय. म्हणून तो आकडा कामाचा. हत्तीचंही असंच. पडलेल्या हत्तीची उंची मोजली तर ती उभ्या हत्तीपेक्षा जास्त भरते, कारण पायांवर वजन नसतं आणि खांदा वर सरकतो. मापाची पद्धत न सांगता 'तेरा फुटी हत्ती' म्हणणाऱ्यांकडे मी तरी फारसं लक्ष देत नाही.

---

जुनी_दुनळी

कॉर्बेटचं नाव आलं ते बरं झालं. रायफलींच्या बाबतीत तो मला सर्वांत विश्वासू साक्षीदार वाटतो, कारण स्वतःच्या विरोधात जाणारे तपशील तो लपवत नाही. १९०७, चंपावतची वाघीण, नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ बळी तिच्या नावावर. तिच्यावर तो गेला तेव्हा त्याच्याकडे .५०० ची दुनळी रायफल होती आणि काडतुसं फक्त तीन. तिन्ही संपली, वाघीण अजून समोर. मग धावत जाऊन तहसीलदाराची जुनी बंदूक घेतली, आणि तिच्या नळ्या नि मागच्या बाजूत फट पडलेली! उघड्या जबड्यावर धरलेला तो नेम चुकून गोळी पंजाला लागली. वाघीण आधीच्या गोळ्यांनीच संपत आली होती म्हणून निभावलं. हे सगळं त्यानेच सांगितलंय. थाप मारणारा माणूस शेवटची गोळी जबड्यातच घालतो.

आणि महत्त्वाचं म्हणजे त्या वाघिणीच्या उजव्या बाजूचे वरचे-खालचे दोन्ही सुळे मोडलेले होते, जुन्या गोळीने. कोणीतरी कधीतरी तिच्यावर चुकार बार टाकला होता. १९३८ मधल्या ठाकच्या वाघिणीच्या अंगावरही बंदुकीच्या जुन्या जखमा निघाल्या. रायफलीची निवड, नेम, अंतर यांवर आपण एवढं बोलतोय ते यासाठी. अर्धवट बसलेल्या गोळीचा हिशेब पुढे गावांनी चुकता केला.

---

रानमाग

@जुनी_दुनळी, हा प्रतिसाद मूळ लेखात घालायला हवा होता इतका नेमका आहे. भर घालतो. चंपावतनंतर कॉर्बेटला संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी .२७५ रिग्बी भेट दिली. म्हणजे बेलच्याच जातीची. २ मे १९२६ च्या सुमारास रुद्रप्रयागचा बिबट्या याच रायफलीने मारला, १२५ बळींनंतर, रात्री, विजेरीच्या झोतात. बिबट्या साठ-सत्तर किलोचा प्राणी. त्याला ही रायफल पुरून उरते. वाघांसाठी कॉर्बेट बरेचदा .४५०/४०० ची जड दुनळी वापरायचा. एकच माणूस, दोन जनावरं, दोन रायफली. 'कॉर्बेट .२७५ ने सगळं मारायचा' असं कुणी म्हटलं की मला त्रास होतो तो म्हणूनच.

---

नवखा_वाचक

सगळे प्रतिसाद भारी. एक शंका. ब्रिटिश रायफलींचे आकडे इतके विचित्र का? .४७०, .४६५, .४७५, .४७६... एवढ्याशा फरकाने काय साधलं?

---

तर्कट

@नवखा_वाचक, याचं कारण शिकारीत नाही, राजकारणात आहे. १८९८ मध्ये रिग्बीने .४५० नायट्रो एक्सप्रेस काढली. काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट ही बिनधुराची दारू वापरणाऱ्या मोठ्या रायफलींत तिने पायंडा पाडला, आणि ती सगळीकडे चालली. पण १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घातली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचा बोअर तोच होता, आणि शिकारीच्या काडतुसांतल्या गोळ्या बंडखोरांकडच्या त्या रायफलींत वापरल्या जातील ही भीती. हिंदुस्थान ही मोठी बाजारपेठ. मग प्रत्येक बंदूकवाल्याने .४५० ला टाळून आपापला आकडा काढला. गोळीच्या कामात त्यांच्यात फारसा फरक नाही. आज लोक .४७० आणि .४६५ यांच्या गुणांवर तावातावाने भांडतात, तेव्हा मूळ कारण एक सरकारी हुकूम होता हे लक्षात ठेवलेलं बरं.

त्या रायफलींची काडतुसं इतकी लांबलचक का, तर कॉर्डाइट उन्हात तापलं की नळीतला दाब वाढतो. कवच मोठं ठेवून दाब मुळातच कमी राखला, की कडक उन्हाळ्यातही कवच आत अडकून बसत नाही. १९११ च्या .४१६ रिग्बीचं भलंमोठं कवच याच विचाराचं.

---

सह्यकडा

सगळं वाचलं. माहिती मोलाची आहे, पण मनात येतं ते लिहितो. हजार हत्ती, शेकडो वाघ... हे आपण रायफलीच्या गुणदोषांसारखं मोजतोय. कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७ मध्ये एका रात्री तीन चित्ते मारले. पहिल्या गोळीत एक, आणि दुसरी गोळी एकाच्या आरपार जाऊन मागच्या चित्त्याला लागली. दोन गोळ्या, तीन चित्ते. ऐकताना थाप वाटावी, पण ते नोंदलेलं आहे, फोटोसकट. भारतातल्या चित्त्यांच्या शेवटच्या खात्रीशीर नोंदींपैकी ती एक. १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. ती नोंद छापणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संपादकांनीही तेव्हा तीव्र नापसंती व्यक्त केली होती.

---

रानमाग

@सह्यकडा, तुमचं म्हणणं मनापासून मान्य. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे हा प्रकार बंद झाला, केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली, आणि दोन्ही निर्णय व्हायलाच हवे होते. पण या जुन्या गोष्टी सोडून देता येत नाहीत असं मला वाटतं, कारण कोणत्या रानात किती जनावरं होती, कुठवर होती, याची कित्येक ठिकाणची एकमेव नोंद त्यांच्यातच आहे. चित्त्यांची तुम्ही दिलेली नोंदच बघा. त्यांतलं तिखटमीठ वेगळं काढता आलं तरच त्या नोंदी वापरता येतील, आणि रायफलीचा तपशील हे वेगळं काढायचं चांगलं साधन आहे. पाचशे मीटरवरून साध्या माशीने (नळीवरच्या नेम धरायच्या खुणेने) चालत्या जनावराचं हृदय फोडल्याची गोष्ट घ्या. .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी तिथवर जाताना नळीच्या रेषेखाली तीन मीटरच्या आसपास किंवा जास्तच उतरते, आणि तेवढ्या वेळात चालतं जनावर हातभर तरी पुढे सरकलेलं असतं. हे सांगणाऱ्याने त्याच पानावर 'या खोऱ्यात शेकड्यांनी गवे होते' असं लिहिलं असेल, तर मी त्या शेकड्यांकडेही सावधपणेच बघतो.

---

नवखा_वाचक

शेवटचा प्रश्न, मग थांबतो. समजा १९१२-१३ चा काळ आहे आणि माणसाकडे एकच रायफल ठेवायची ऐपत आहे. हत्तीपासून हरणापर्यंत सगळं समोर येणार. इथल्या जाणकारांनी कोणती सुचवली असती?

---

जुनी_दुनळी

माझं मन दुनळीकडे, .४७० कडे. पण एकच ठेवायची तर नाही. दुनळीच्या दोन्ही नळ्या एका ठरावीक काडतुसासाठी जुळवलेल्या असतात. गोळीचं वजन किंवा दारू बदलली की दोन नळ्यांचे बार दोन ठिकाणी पडायला लागतात. किंमतही बोल्ट रायफलीच्या कितीतरी पट.

---

रानमाग

मीही तेच म्हणेन. १९१२ मध्येच आलेली .३७५ होलंड अँड होलंड, मॉझर पद्धतीच्या बोल्टवर. तिची काडतुसं २३५, २७० आणि ३०० ग्रेनच्या गोळ्यांत मिळायची, आणि मध्यम अंतरावर २७० आणि ३०० चा बार जवळजवळ एकाच जागी पडतो, म्हणजे माशी पुन्हा जुळवत बसावं लागत नाही. वाघ-सिंहाला मऊ नाकाची, हत्तीला पूर्ण आवरणाची ३०० ग्रेनची, रेड्याला पहिली मऊ आणि मागाहून आवरणाची. धक्का असा, की सामान्य बांध्याच्या माणसाला सरावाने पेलतो, डोळे मिटत नाहीत. मॉझरची पकड काडतूस मॅगझिनमधून बाहेर पडतानाच धरते, म्हणून घाईत वेडंवाकडं हाताळलं तरी ते सहसा अडकत नाही.

आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांनी धोकादायक जनावरांसाठी .३७५ हीच किमान मर्यादा धरली, काहींनी ९.३ मिमी, तीही या अनुभवातूनच. पाठलाग करून दाट झुडपात जखमी रेडा गाठायचा असेल तर @जुनी_दुनळी म्हणतात तशी जड गोळी बरी, यात वाद नाही. मात्र त्या माणसाला मी पॅटर्सनची उसनी रायफल आठवायला सांगेन: रानात निघण्याआधी त्याच रायफलीतून, त्याच पेटीतली काडतुसं उडवून बघ.